मारबतीचं तोंड

राक्षसीण कशी दिसते हे ठरवणं हा माझा धंदा आहे. वर्ध्याजवळच्या आमच्या नालवाडीत हे कुणाला पटत नाही. शेजारच्या आनंदाबाई अजूनही आईला विचारतात की सुरभी दिवसभर खोलीचं दार लावून करते तरी काय. आई सांगते, कम्प्युटरवर चित्रं काढते, आणि मग दोघी मिळून माझ्या लग्नाच्या विषयाकडे वळतात. चूक त्यांची नाही. मोबाइलवरच्या खेळात तलवार घेऊन धावणारा माणूस, त्याला आडवी येणारी चेटकीण, तिच्यामागचं सैन्य, हे सगळं आधी कुणीतरी बसून काढलेलं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. त्या कुणीतरींपैकी मी एक, गेली पाच वर्षं. स्टुडिओ हैदराबादचा, मी नालवाडीची, आणि मधे बऱ्यापैकी चालणारं वायफाय.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं, ती बोली पुढे पावसाळाभर लांबली. द्यायचं होतं एकच पात्र, रोग वाहणारी बाई. एका काल्पनिक राज्यात ती गावोगाव फिरते, जिथे थांबते तिथे साथ येते, आणि खेळणाऱ्याने शेवटी तिला मारायचं असतं. पात्र पसंत पडलं आणि शेवटपर्यंत नीट पार पडलं तर कायमची नोकरी, नाही तर राम राम. आमच्या आर्ट डायरेक्टरने पहिल्याच मीटिंगमध्ये चारदा सांगितलं की चेहरा ओरिजिनल पाहिजे. जगातल्या कुठल्याही खेळात, सिनेमात, पुस्तकात तसा चेहरा असता कामा नये. त्याचा एक कागदही माझ्याकडून सही करून घेतला. हे पात्र कुठल्याही चित्रावरून घेतलेलं नाही आणि कुठल्याही जिवंत माणसावर आधारलेलं नाही, असं त्यात लिहिलं होतं. असले कागद कुणी वाचून सही करत नाही. मी वाचला होता, हे इथेच सांगून टाकते.

खरं तर हवेतून चेहरा कुणीच काढत नाही. आधी नुसते काळे आकार काढायचे, कारण पात्र लांबून, सावलीवरूनसुद्धा ओळखू आलं पाहिजे. त्यातला एक आकार ठरला की चेहऱ्याकडे वळायचं. चेहऱ्यासाठी आम्हा प्रत्येकाकडे फोटोंचा साठा असतो. माझ्या साठ्याच्या फोल्डरचं नाव 'तोंडं'. त्यात बाजारातल्या बाया, एसटीतले म्हातारे, आणि माझी मामेबहीण मोहिनी हिच्या लग्नातले चारशे फोटो. एकाचं गालाचं हाड घ्यायचं, दुसरीची भुवई घ्यायची, तिसऱ्याचं कपाळ. असं मिसळत गेलं की मूळचं कुणीच उरत नाही, असं आम्ही मानतो.

माझे अकरा चेहरे नापसंत झाले. एक कुठल्याशा जपानी खेळातल्यासारखा दिसत होता, एक टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेतल्यासारखा, बाकीच्यांची तर कारणंही कुणी दिली नाहीत. बाराव्या वेळी मी वैतागले आणि मिसळामिसळ केलीच नाही. मोहिनीच्या लग्नातला एक फोटो उघडला. पंगतीच्या मागे भाताच्या गंजाशी, म्हणजे मोठ्या पातेल्याशी, एक बाई उभी होती. हातात मोठा झारा, मान अर्धी वळलेली, कुणाच्या तरी बोलण्यावर तोंड भरून हसणारी. कोण ते मला ठाऊक नव्हतं. गालाची हाडं उंच, हनुवटी निमुळती, समोरच्या दोन दातांत फट. मी त्या हसण्याचं दात विचकणं केलं. कातडी राखाडी केली, डोळे पांढरे केले, कपाळातून दोन शिंगं काढली. मग ते चित्र इंटरनेटवर टाकून तसं दुसरं कुठे आहे का ते शोधलं. साऱ्या जगात काही सापडलं नाही. डायरेक्टरचं उत्तर आलं की अखेर असा एक चेहरा मिळाला, जो कुणीच पाहिलेला नाही.

मामाचं गाव आंजीच्या पलीकडे आहे. नाव लिहीत नाही, लिहून कुणाचं भलं होणार नाही. तिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. बांबू, पळसाच्या फांद्या आणि जुनं लुगडं यांची पुरुषभर उंचीची बाई करायची, गावातला ताप-खोकला, ढेकूण, डास सगळे तिच्या हवाली करायचे, आणि ओरडत, वाजवत तिला शिवेबाहेर नेऊन जाळायचं. हे आमच्या भागात पुष्कळ ठिकाणी होतं. मामाच्या गावचा नियम मात्र मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही.

तिथली मारबत पुनाजीबाबा करतात. गावाच्या कडेच्या गोंड वस्तीतले, सत्तरीच्या पुढचे, बोलायला मोजके. त्यांच्या आधी त्यांचे वडील करत. मागच्या वर्षी बाबांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेल्यासारखे झाले होते. बांबू बांधणं हातांना पाठ होतं, पण चेहरा होईना. मी पोळ्यासाठी चार दिवस आधीच जाऊन राहिले होते. नत्थूजीमामांनी मला त्यांच्यापुढे उभं केलं आणि सांगितलं की ही भाची तोंडं काढायचंच काम करते, आता तुमची काळजी मिटली.

पुनाजीबाबांनी मला जवळ बसवलं. "अंगाचं काई नाई वो बाई, अंग कोनीबी करन," ते म्हणाले. "तोंड सांभाळजो. ते गावातल्या कोनासारखं दिसाले नाई पाह्यजे. ज्याच्या घरचं तोंड दिसलं, त्याच्याच घरी पीडा ठेवून देते मारबत."

म्हणजे ओरिजिनल. मला हसू आलं. हैदराबादच्या वातानुकूलित ऑफिसातली अट आणि या माणसाची अट एकच होती. मी विचारलं, तुम्ही इतकी वर्षं कसं जमवलं. ते म्हणाले, गावात एकशे ऐंशी घरं आहेत, सगळ्यांची तोंडं त्यांना याद आहेत, नवी सून आली की ते मुद्दाम जाऊन पाहून येतात. जे तोंड ओळखीचंच नाही, ते टाळायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा ते साधंभोळं वाटलं. गावातली दहा घरंसुद्धा मला ओळखीची नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी जगभर शोधून बसले होते.

नवा चेहरा काढायचा मला कंटाळा आला. पसंत झालेलाच घेतला. पण तो स्टुडिओचा, बाहेर दाखवायची बंदी, म्हणून शिंगं पुसली, डोळ्यांत बुबुळं घातली आणि राखाडी कातडीच्या जागी हळदीचा पिवळा रंग दिला. म्हणजे चेटकिणीवर जे जे चढवलं होतं ते सगळं मी स्वतःच्या हाताने उतरवलं. वर्ध्याला जाऊन त्याची मोठी प्रिंट काढून आणली आणि आम्ही ती एका जुन्या सुपावर चिकटवली. पुनाजीबाबांनी तिच्यावरून बोटं फिरवली. कागद गुळगुळीत होता, त्यांच्या बोटांना काय कळणार.

पोळ्याच्या आदल्या दुपारी पाहणी असते. मारबत बाबांच्या अंगणात उभी करतात, प्रत्येक घरातलं एक मोठं माणूस येतं, तिच्या तोंडाकडे नीट पाहतं आणि म्हणतं, "आमच्या घरचं नाई." एवढं बोललं की त्या घराची जबाबदारी संपली. मी बाजूला खुर्ची टाकून बसले होते. माणसं येत होती, पाहत होती, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबत होती. एक बाई पदर तोंडाला लावून हसली. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शाळेच्या समितीचे अध्यक्ष प्रभाकरराव दोन पावलं मागे सरकून पुन्हा पुढे आले, म्हणाले, "आमच्या घरचं नाई," आणि चालू लागले. मी कौतुक समजत होते. अशी मारबत या गावाने कधी पाहिली नसेल, असं मनात म्हणत होते आणि सुखावत होते.

दिवेलागणीला बाबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कोनाचं घर राह्यलं काय?"

मामा म्हणाले की नाही, सगळी आली. एक घर बंद होतं, पण ते कुणी घर म्हणून मोजलं नाही. नात्याच्या नव्हेत, गावाच्या नलूमामी तिथे एकट्या राहायच्या. नवरा बारा वर्षांपूर्वी कामाला म्हणून नागपूरला गेला तो परतला नाही. त्या शाळेत पोरांची खिचडी करत, आणि पोळ्यासाठी अल्लीपूरला बहिणीकडे गेल्या होत्या. गावातली बाकी घरं त्या दुपारी एकूण एक खरं बोलली. ते तोंड त्यांच्या घरचं नव्हतंच.

मारबत पहाटे निघते, पण गल्लोगल्ली फिरून शिवेवर पोहोचायला नऊ वाजतात. डफडं वाजत होतं, पोरं ओरडत होती, मामाचा रोशन त्याच्या गावच्या बातम्यांच्या पेजसाठी व्हिडिओ काढत होता. आंजीकडून एक ऑटो आला आणि त्यातून पिशवी घेऊन एक बाई उतरली. गर्दी पाहून हसली. सगळ्यांसोबत ओरडायला तिने हात वर केला, आणि तिचं लक्ष मारबतीच्या तोंडाकडे गेलं.

तिच्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं. उंच गालाची हाडं, निमुळती हनुवटी, दातांतली फट. गंजाशी उभी असलेली ती हीच. डफडं थांबलं. कुणीतरी घाईघाईने लुगड्याला काडी लावली, कदाचित ते लवकर संपावं म्हणून. सुपावरचा कागद आधी पेटला.

"हे कोनं काढलं?" नलूमामींनी विचारलं.

मारबत पेटली की पाठ फिरवायची आणि मागे न पाहता घरी जायचं, ही तिथली रीत. गाव एकदम रीत पाळायला लागलं. माणसं नलूमामींच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली आणि मीही खाली मान घालून गेले. मी तिथे थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मला आता वाटतं.

तीन आठवड्यांनी गावात ताप सुरू झाला. डेंग्यू होता. आरोग्यसेविकेने तीन घरांच्या टाक्यांतल्या वळवळणाऱ्या अळ्या बाटलीत भरून सगळ्यांना दाखवल्या. शाळेतली सहा पोरं आजारी पडली आणि दुसरीतली एक मुलगी, रूपरावांची नात, वर्ध्याच्या दवाखान्यात वारली. तिच्या दहाव्याच्या दिवशी मामा मला फोनवर म्हणाले, डासाने ताप येतो हे सगळ्यांनाच समजतं, पण डास कोणाच्या घरून उठला असं लोक विचारून राहिले. मी विचारलं, कोणाचं नाव घेतात. मामांनी पाऊसपाण्याचा विषय काढला.

लवकरच आयांनी पोरांना डब्यात भाकरी द्यायला सुरुवात केली. नलूमामींची खिचडी गंजात तशीच राहू लागली. पाणी प्यायला पोरं घरी जायची. मुख्याध्यापक भला माणूस होता. त्याने समितीला लिहून दिलं की स्वयंपाकी बाईचा काही दोष नाही, पण अन्न रोज वाया जात आहे, तरी निर्णय घ्यावा. समितीने रविवारी बैठक ठेवली. नलूमामींना कामावर ठेवायचं की काढायचं, एवढाच विषय होता. आणि त्या कामावरून निघाल्या तर गावातूनच निघाल्या, हे सगळ्यांना कळत होतं.

त्याच्या दोन दिवस आधी त्या नालवाडीला आल्या. मामांकडून पत्ता घेऊन, एसटीने, एकट्या. आई देवळात गेली होती. त्या खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या, चहा प्यायल्या, कप स्वतः धुवायला उठल्या. मग म्हणाल्या, ज्या फोटोवरून काढलं तो दाखव. मी आधी कुठला फोटो असं म्हणून पाहिलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं.

मी कम्प्युटर लावला. मोहिनीच्या लग्नातला फोटो पूर्ण पडदाभर उघडला. त्या जवळ आल्या आणि पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. त्यांचा असा मोठा फोटो त्यांनी कधी पाहिला नसावा.

"इथं तं मी हसून राह्यली," त्या म्हणाल्या. "हसली का मी अशी दिसतो काय वो बाई, तू काढली तशी?"

मी म्हटलं, नाही मामी, ते मी बदललं, हसणं तसं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या डोळ्यांत नव्हतं. त्यांनी कामाचं बोलायला सुरुवात केली.

"मले तुह्यावर राग नाई. तू रयवारी येजो. सगळ्यांसमोर एवढंच सांगजो, का मी नलूचा फोटो पाहून काढलं. लोकं म्हनून राह्यले का मारबतीनं आपल्या मनानं माहं तोंड घेतलं. फोटो पाहून काढलं असन तं ते मारबतीनं घेतलेलं नाई, मानसाची चूक हाय. मानसाची चूक गाव इसरून जाते."

किती साफ डोकं होतं त्या बाईचं. समितीतल्या नऊ माणसांना जे सुचलं नाही ते तिने एसटीत बसून शोधून काढलं होतं. मी म्हटलं, येईन मामी, सांगीन. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

शनिवारी हैदराबादहून पत्र आलं. पात्र सगळ्यांना आवडलं होतं, पुढच्या आठवड्यात त्याची पहिली झलक लोकांना दाखवणार होते आणि पहिल्या तारखेपासून मी कायम. सोबत तोच कागद पुन्हा सहीसाठी. कुठल्याही जिवंत माणसावर आधारलेलं नाही. मी सही केली. रविवारचं सांगणं गावातल्या गावात राहील, हैदराबादला कोण सांगायला जातं, असं स्वतःला समजावलं आणि झोपले.

बैठक शाळेच्या वऱ्हांड्यात होती. प्रभाकरराव खुर्चीवर, समितीची माणसं सतरंजीवर, बाया खांबांशी. रूपराव एका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते, त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. पुनाजीबाबांना कुणीतरी हात धरून आणलं होतं. नलूमामी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं. मला पाहून त्यांनी मान हलवली, जणू आता काळजी नाही.

प्रभाकररावांनी मला पुढे बोलावलं आणि सरळ विचारलं, "बाई, ते तोंड तू हिले पाहून काढलं का? हो का नाई, तेवढंच सांग."

मी तोंड उघडलं आणि मला रोशन दिसला. सतरंजीच्या कडेला उकिडवा बसून त्याने मोबाइल माझ्यावर धरला होता. त्याच्या पेजवर साडेनऊ हजार माणसं आहेत. तो वैरी नाही माझा, तो सगळ्याच बैठका दाखवतो.

"नाही," मी म्हटलं. "मनातून काढलं. पूर्ण ओरिजिनल आहे."

घाबरले की मी पुस्तकी मराठी बोलते. भीती होतीच, ती नाकारत नाही. पण आणखी एक होतं. पाच वर्षं मला हाच प्रश्न विचारला जातो, कुणाला पाहून काढलंस का, आणि पाच वर्षं मी हेच उत्तर देते. प्रश्न कानावर पडला आणि उत्तर तोंडातून निघून गेलं. क्षणभर तर मला वाटलं की मी योग्यच बोलले. मी या बाईची टिंगल केली नाही, असंच तर मी सांगितलं. मग खांबांशी उभ्या बाया एकमेकींकडे वळल्या, आणि मी काय केलं ते मला कळलं. माणसाची चूक मी पुसून टाकली होती. आता फक्त मारबत उरली होती.

"फोटो हाय तिच्याजवळ," नलूमामी दारातून म्हणाल्या. "मी सोता पाह्यला."

प्रभाकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मोहिनीच्या लग्नातले चारशे फोटो आहेत माझ्याकडे, सगळ्याच गावाचे आहेत. हे खरं होतं. इतकं खरं मी त्या दिवशी दुसरं काही बोलले नाही.

मग पुनाजीबाबा उठले. मी कुठे उभी आहे ते त्यांना नीट दिसत नव्हतं, ते माझ्या डाव्या बाजूच्या खांबाकडे तोंड करून बोलले. "नीट याद कर वो बाई. घाई नको करू. एखाद्या वक्ती पाह्यलं असन, ध्यानात राह्यलं नसन. तसं असन तं तसं सांग, चालते."

म्हातारा मला वाट करून देत होता. अख्ख्या बैठकीत त्यांनाच कळलं होतं की मी अडकले आहे. मला नुसतं म्हणायचं होतं की असेल बाबा, पाहिलं असेल. त्याने कागदावरची अटही मोडली नसती कदाचित. पहिल्यांदा ते तोंडातून निसटलं होतं असं मी म्हणू शकते. दुसऱ्यांदा मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला होता.

"नाही बाबा," मी म्हटलं. "आठवून सांगते. कुणालाच पाहिलं नाही."

"मंग ते आपल्या मनानंच आलं," ते म्हणाले, आणि खाली बसले. "मंग माह्या हातात काई नाई."

मी नलूमामींकडे पाहिलं. पाहायला नको होतं. त्या रडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. बैठकीने पाच मिनिटांत काय ठरवायचं ते ठरवलं. मामी आत गेल्या आणि त्यांनी खिचडीचा मोठा गंज घासायला घेतला. बाहेर माणसं उठून चपला शोधत होती आणि आतून राखेने घासल्याचा आवाज येत होता. गंज पालथा घालून त्यांनी खोलीला कुलूप लावलं, किल्ली मुख्याध्यापकांच्या हातात दिली. ते काहीतरी बोलायला गेले, पण त्या थांबल्या नाहीत. दिवाळीच्या आधी त्या अल्लीपूरला बहिणीकडे निघून गेल्या. बहिणीच्या घरी दोन खोल्यांत सात माणसं होती, आठव्या त्या. तिथे कुणाच्या तरी शेतात कापूस वेचायला जातात, असं कळलं. थंडी पडल्यावर गावातला ताप गेला, जसा दरवर्षी जातो. लोक म्हणाले, पाहा, ती गेली आणि गेला.

नत्थूजीमामांनी एकदाच फोन केला. रागावले नाहीत. "आता पोळ्याले येऊ नको," एवढं म्हणाले.

कामावर मी पहिल्या तारखेपासून कायम झाले. चेहरा पसंत झाला की त्याचे भाव काढायचे असतात. राग, कपट, माज, वेदना, एकाच चेहऱ्याची आठ-दहा चित्रं एका पानावर, म्हणजे पुढे हलतं पात्र करणाऱ्यांना कळतं की ही बाई केव्हा कशी दिसते. सगळे झाले, एक राहिला. खेळणारा तिला मारतो त्या वेळचा. तीन वेळा काढला, तीन वेळा परत आला. डायरेक्टरने लिहिलं की मरतानाही ही चेटकीणच दिसते, इथे ती माणूस दिसली पाहिजे, खेळणाऱ्याला एक क्षण वाटलं पाहिजे की आपलं चुकलं.

मी 'तोंडं'मध्ये शोधलंच नाही. शोधायची गरज नव्हती. वऱ्हांड्यात मी दुसऱ्यांदा नाही म्हटलं तेव्हा दारातल्या बाईचा चेहरा कसा झाला होता, ते मला रेघेरेघेने पाठ होतं. भुवया किंचित वर. ओठ जरासे उघडे, त्यातून दातांची फट दिसते. डोळ्यांत भीती नाही, रागही नाही. ती अजून ऐकत असते. आपलं वाक्य अर्धं राहिलं आहे, समोरची पोर आता पुढचं बोलेल, असं तिला वाटत असतं. मी ते जसंच्या तसं काढलं. तासाभरात झालं, हात कुठे अडला नाही. कातडी राखाडी केली, शिंगं लावली आणि पाठवून दिलं.

वीस मिनिटांत उत्तर आलं. फायनल, एकही दुरुस्ती नाही, आणि टीममधल्या सगळ्यांना दाखवलं, एक मुलगी तर रडली. पाच वर्षांत माझ्या कुठल्याच चित्राला असं झालं नव्हतं. मी आईला हाक मारून सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली, चिमूटभर माझ्या हातावर दिली, आणि मला फार आनंद झाला.